शहरात धावणाऱ्या सात आसनी टॅक्सीला डिझेल नको, हायब्रिड घ्या

पिवळी_पाटी

आमचा ठाण्यात गाड्यांचा धंदा आहे. विमानतळाची ने-आण, कंपन्यांच्या महिन्याच्या ड्युट्या, अधूनमधून पुणे-नाशिक. सगळ्या गाड्या सात आसनी. पुढची गाडी टोयोटाची डिझेल इनोव्हा क्रिस्टा घ्यावी की इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली), यावर आमच्या घरात, ड्रायव्हरांत आणि ओळखीच्या मालकांत सारखा वाद चालू आहे. माझं मत ठरलंय आणि ते मी इथे मांडते. ज्याची गाडी बहुतेक शहरातच फिरते त्याने हायब्रिड घ्यावी.

कारण सोपं आहे. घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी चालत नाही, सरकते. डिझेल इंजिन त्या सगळ्या वेळात तेल जाळत उभं असतं. हायब्रिडमध्ये गाडी थांबली की इंजिन बंद होतं, पुन्हा सरकताना मोटर ओढते, ब्रेक दाबला की वाया जाणारी ताकद बॅटरीत परत जाते. म्हणजे बाकीच्या गाड्यांचं ॲव्हरेज जिथे मरतं, तिथेच हिचं सुधारतं. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गार हवा येत राहते. टर्मिनलबाहेर उशिरा उतरणाऱ्या पार्टीची वाट बघत बसलेल्या ड्रायव्हरला याची किंमत विचारा.

आकडे सांगते. आमच्या हायब्रिडला शहरात लिटरला १६ किलोमीटर मिळतात, डिझेलला १०. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये विरुद्ध नऊ. अडीच रुपयांचा फरक. वर्षाला ६०,००० किलोमीटर पळणाऱ्या गाडीमागे दीड लाख रुपये.

आणि एक गोष्ट कुणी हिशेबात धरत नाही, ती म्हणजे ड्रायव्हरचा डावा पाय. क्रिस्टा आता फक्त मॅन्युअलमध्ये मिळते. दहा-बारा तासांच्या ड्युटीत क्लच दाबून दाबून गुडघा आणि कंबर धरलेली माणसं मी रोज बघते. त्यांच्या दुखण्याचा खर्च कुठल्याच वहीत चढत नाही, पण तो कुणीतरी भरतोच.

विरोधी मतं जरूर द्या. पण नुसतं "बॅटरी गेली की संपलं" म्हणू नका, हिशेब द्या.

खर्चवही

ताई, हिशेब मागितलात म्हणून देतो.

हायब्रिड डिझेलपेक्षा साधारण साडेसहा लाखांनी महाग आहे. एवढे जास्तीचे पैसे पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी उचलले तर महिन्याचा हप्ता पावणेचौदा हजारांनी वाढतो. तुमची इंधनाची बचत वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. बचत हप्त्यालाच पुरत नाही. पहिली पाच वर्षं जे वाचेल ते बँकेला द्यायचं आणि वर खिशातले टाकायचे. महिनाभर गाडी कमी पळाली, एखादी कंपनी हातची गेली, तरी हप्ता तेवढाच राहतो. डिझेलवाल्याचं तसं नाही. गाडी कमी पळाली की त्याचं तेलही कमी जळतं.

कराकडेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत हायब्रिडवर ४३ टक्के कर होता आणि मोठ्या डिझेल गाड्यांवर ५० च्या आसपास. त्या तारखेपासून दोन्ही ४० वर आल्या. म्हणजे डिझेल जास्त स्वस्त झालं आणि हायब्रिडला जी थोडी सवलत होती ती गेली. विजेच्या गाडीवर मात्र ५ टक्केच. सरकारला हायब्रिड टॅक्सी हवी असती तर हे चित्र असं दिसलं नसतं. उत्तर प्रदेशाने २०२४ च्या जुलैत स्ट्राँग हायब्रिडचा (नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या, हायक्रॉससारख्या गाड्यांचा) नोंदणी कर माफ केला. आपल्याकडे तसं काही नाही.

घाटमाथा

मी सातारा-महाबळेश्वर-कोकण या पट्ट्यात गाडी चालवतो. शहराचं तुमचं तुम्ही बघा, पण आमच्याकडचे लोक असे धागे वाचून गाडी बुक करतात म्हणून लिहितो.

सात माणसं, वर कॅरियरवर बॅगा, पावसात आंबेनळी घाट चढायचा. हायक्रॉसची ओढ पुढच्या चाकांना आहे. गाडी भरली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि शेवाळलेल्या वळणावर घसरू बघतात. क्रिस्टा मागच्या चाकांवर ढकलते, जितकी भरली तितकी रस्ता धरते. लांबच्या चढाला हायब्रिडची बॅटरी लवकर उतरते, मग एकटं पेट्रोल इंजिन ओरडत राहतं आणि मागची पार्टी विचारते, दादा, गाडी बरी आहे ना?

उतारावर बॅटरी भरते हे खरं. पण ती छोटी असते. पोलादपूर यायच्या आधीच भरून जाते आणि उरलेला घाट ब्रेक आणि इंजिनावरच उतरावा लागतो.

आमच्या भागात गाडी बंद पडली तर लोखंडी सांगाड्याची क्रिस्टा कुठलाही गावचा मिस्त्री हलवतो. हायब्रिडची उच्च दाबाची नारिंगी वायर दिसली की तोच मिस्त्री हात मागे घेतो.

पहाटपाळी

सगळे मोठ्या गाड्यांचं बोलताय. मी सीएनजी एर्टिगावाला. गॅस ८० रुपये किलो आणि किलोला २२ धरा, किलोमीटरला साडेतीन-पावणेचार रुपये पडतात. गाडीही तुमच्या हायब्रिडच्या निम्म्या पैशात आली. माणसं तितकीच बसतात. ठाणे ते विमानतळ जाणाऱ्या माणसाला इंजिनात काय चाललंय याच्याशी काय देणंघेणं? त्याला वेळेवर गाडी आणि गार एसी पाहिजे.

मुंबईची काळी-पिवळी सीएनजीवर आली त्याला वीस वर्षांहून जास्त झाली. शहराची हवाही त्याने सुधारली आणि टॅक्सीवाल्याचं पोटही भरलं. हायब्रिड ही मालकाची हौस आहे. हप्ता स्वतः फेडणाऱ्या ड्रायव्हरला ती परवडत नाही.

पिवळी_पाटी

@पहाटपाळी, पाच माणसं असतील तर तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य. पण विमानतळाची पार्टी सहा जणांची आणि प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा असल्या की एर्टिगात मागे टाकी, मग बॅगा कुठे? आम्ही ते भाडं घेतो कारण ते इतरांना घेता येत नाही. कंपन्यांचे करारही गाडीच्या वर्गावर होतात. "इनोव्हा किंवा तत्सम" लिहिलेलं असतं आणि किलोमीटरचा दरही त्याप्रमाणे मिळतो. त्या वर्गात कारखान्यातून सीएनजी येतच नाही. म्हणून मी तुलना डिझेलशी केली.

शिवाय पंपावरची रांग हिशेबात धरा. २०२५ च्या नोव्हेंबरात चेंबूरजवळ मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या रिक्षा-टॅक्सी रांगेत अडकून पडल्या होत्या. तसे दिवस रोज येत नाहीत, पण रोजची अर्ध्या-पाऊण तासाची रांगही धंद्यातून एक फेरी खातेच.

@खर्चवही, तुमचं गणित बरोबर आहे, गाडी एका पाळीत चालत असेल तर. आमच्या कंपनीच्या गाड्या दोन ड्रायव्हरांवर दोन पाळ्यांत चालतात. वर्षाला ८०,००० किलोमीटर झाले की बचत दोन लाखांवर जाते, म्हणजे महिन्याला साडेसोळा हजार. हप्ता भागून वर उरतात. आणि क्लच प्लेट-फ्लायव्हीलचा खर्च तुम्ही धरलाच नाही. हायब्रिडमध्ये क्लच नाहीच. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण अर्धं थांबणं मोटर करते.

@घाटमाथा दादा, घाटाचं तुमचं सगळं मान्य. माझा धागा शहरापुरताच आहे.

खर्चवही

पळवा ना ८०,०००. मग वॉरंटीचं बोलू. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. घरगुती गाडीला आठ वर्षं मिळतात. तुमच्या दोन पाळ्यांच्या गाडीला दोनच वर्षं मिळणार. कर्ज पाच वर्षांचं आणि वॉरंटी दोन वर्षांची! मधली तीन वर्षं कुणाच्या भरवशावर? तुम्ही जितकी जास्त पळवून बचत दाखवाल तितकी ती वॉरंटीबाहेर जाईल. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि याला उत्तर मिळालं तर मी मत बदलायला तयार आहे.

गॅरेज_चिंचवड

बॅटरीचं मी सांगतो, रोज हात घालतो म्हणून.

हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. तंत्र जुनं आणि मुरलेलं. १९९७ मध्ये जपानात टोयोटाची पहिली प्रियस ही हायब्रिड मोटार आली तेव्हापासून याच जातीच्या बॅटऱ्या जगभर टॅक्सीत पळताहेत. मंगोलियात तर जपानमध्ये वापरून झालेल्या जुन्या प्रियस उलानबातरच्या रस्त्यांवर भरल्या आहेत, तेही उणे तीस अंशांत. ही बॅटरी मोबाइलसारखी पूर्ण भरत नाही आणि पूर्ण रिकामीही होत नाही. गाडी तिला मधल्या पट्ट्यातच ठेवते, म्हणून ती टिकते.

तिला मारते ती उष्णता. बॅटरीला थंड करायला गाडीतलीच हवा ओढली जाते आणि त्या वाटेवर जाळी असते. टॅक्सीत चपला, पिशव्या, खाली पडलेला टॉवेल, काहीही त्या जाळीपुढे येतं. जाळी धूळ-केसांनी बुजली की बॅटरी तापत राहते आणि आयुष्य घटतं. साफ करायला फार वेळ लागत नाही, पण साफ करणारे मालक मला क्वचित भेटतात. ताई, दर सर्व्हिसला ते स्वतः उभं राहून करून घ्या.

आता विरोधातलं. वॉरंटीनंतर बॅटरीचा पॅक बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे सुटा भाग येईपर्यंत गाडी उभी राहते. टॅक्सी आठवडाभर उभी म्हणजे हप्ता घरातून. डिझेलचा इंजेक्टर गेला तर दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर असते. पुणे-मुंबईत उच्च दाबाच्या वायरिंगवर काम करू शकणारी बाहेरची गॅरेजं अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत. @खर्चवही यांची भीती बिनबुडाची नाही. बॅटरी टिकेल असं मी म्हणेन, पण लेखी कुणी देणार नाही. जिथे मिळते तिथे वाढीव वॉरंटी विकत घ्यावी, आणि ती व्यावसायिक पासिंगला लागू आहे हे कागदावर वाचून घ्यावं. शोरूममधल्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

एक मनातलं. जपानात टोयोटाने २०१७ मध्ये खास टॅक्सी म्हणून गाडी काढली, ती एलपीजीवर चालणारी हायब्रिड आहे. गॅसचा स्वस्तपणा आणि हायब्रिडची बचत एकाच गाडीत. मुंबईसारख्या सीएनजीच्या शहरात तशी सात आसनी गाडी कुणी कारखान्यातून दिली तर हा सगळा वाद मिटेल. मागणी आपण टॅक्सीवाल्यांनीच करायला हवी.

टेम्सकाठचा_कोल्हापुरी

लंडनमधून लिहितोय. इथे खासगी भाड्याच्या टॅक्सी म्हणजे प्रियस असं समीकरण कित्येक वर्षं होतं. ड्रायव्हर खूश, गाडी बंद पडत नाही. पण १ जानेवारी २०१८ पासून नव्या काळ्या टॅक्सीला आणि १ जानेवारी २०२३ पासून खासगी भाड्याच्या सेवेत पहिल्यांदा नोंदणाऱ्या प्रत्येक गाडीला धूर न सोडता काही अंतर चालता आलं पाहिजे असा नियम आला. म्हणजे प्लग लावून चार्ज न होणारी साधी हायब्रिड नव्याने नोंदता येत नाही. ज्यांच्याकडे आधीची होती ते चालवत राहिले, पण धंद्यात नवीन आलेल्याला तो रस्ता बंद झाला.

तुमच्याकडे पाच वर्षांनी काय नियम येतील हे कुणाला माहीत? त्यामुळे मला वाटतं, हायब्रिड गाळून थेट विजेची घ्यावी.

पहाटपाळी

विजेची घ्यावी म्हणता, दादा, पण चाळीत राहणाऱ्या ड्रायव्हरने रात्री चार्ज कुठे करायची? आमच्याकडे गाडी लावायलाच जागा नाही. रात्रीची झोप चार्जिंगच्या ठिकाणी गाडीत काढायची का? विजेची गाडी मोठ्या कंपन्यांना जमते, त्यांचे स्वतःचे डेपो असतात. आणि ब्लूस्मार्टसारखी विजेच्या टॅक्सीची कंपनी एप्रिल २०२५ मध्ये थांबली तेव्हा ड्रायव्हर रस्त्यावर आले, हेही विसरू नका.

खर्चवही

ब्लूस्मार्ट पैशांच्या घोळात अडकली, त्यात विजेच्या गाडीचा दोष नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. द्रुतगतीला मोटारीचा एका बाजूचा टोल ३२० रुपये. रोज पुण्याला जाऊन येणाऱ्या गाडीचे ६४० वाचतात. हायब्रिड हा टोल पूर्ण भरते. पिवळी_पाटी ताई, तुमच्या पुण्याच्या फेऱ्या यात कुठे बसतात?

पिवळी_पाटी

पुण्याच्या फेऱ्या हायब्रिडला देतच नाही. द्रुतगतीवर एकसारख्या वेगात डिझेलही १४ देतं, म्हणजे साडेसहा रुपयेच पडतात. तिथे हायब्रिडचा फायदा शून्य. समृद्धीवर १२० ने हाणली तर उलट ती मागे पडते. लांबच्या फेऱ्यांना आमच्या जुन्या क्रिस्टा आहेत आणि त्या संपेपर्यंत चालतील.

वॉरंटीच्या प्रश्नाला मी आज पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, हे सरळ सांगते. मी कर्ज पाचऐवजी तीन वर्षांचं घेते आणि सुरुवातीला जास्त रक्कम भरते, म्हणजे गाडी वॉरंटीबाहेर गेल्यावर वर्षभरात फिटते. ज्याला तेवढी रक्कम उभी करता येत नाही त्याने माझं ऐकून हायब्रिड घेऊ नये. एका गाडीवर घर चालवणाऱ्याला मी सीएनजीच सांगेन.

पण चार-पाच गाड्या असलेला आणि त्यातली एक-दोन कायम शहरात अडकलेली असा मालक अजूनही डोळे मिटून डिझेल घेतो, ते चूक आहे या मतावर मी ठाम आहे.

घाटमाथा

ताई, गाड्या अशा वाटून घेणार असाल तर माझी तक्रार नाही. फक्त सुट्टीत सगळ्या गाड्या बाहेर असतात आणि महाबळेश्वरची पार्टी आली की मालक शहरातली गाडी घाटात पाठवतो. तेव्हा नाही म्हणायची हिंमत ठेवा. आणि पाठवलीच तर ड्रायव्हरला उतारावर इंजिनाने गाडी अडवायचा गिअर टाकायला आधी शिकवा. बॅटरी भरल्यावर नुसत्या ब्रेकवर घाट उतरणारे मी बघितलेत, चाकातून जळका वास येईपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही.

गॅरेज_चिंचवड

+१. तो गिअर टाकला की इंजिन गाडीला अडवतं आणि ब्रेक वाचतात. अर्ध्या ड्रायव्हरांना तो कशासाठी आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.