मदत हवी आहे : वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाला गुडघेदुखीसाठी अॅक्युपंक्चर आणि चिनी काढा

रुग्णाचं वय ६४. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजव्याची जास्त. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित) वॉरफरिन चालू, गेल्या आठवड्यातला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) २.६. टाइप २ मधुमेह, तळपायांना मुंग्या. पेसमेकर नाही.

आमच्या केंद्रात ठरलेला आराखडा असा : एसटी ३५, एसटी ३६, एसपी ९, एसपी १० आणि जीबी ३४ हे गुडघ्याभोवतीचे अॅक्युपंक्चर बिंदू, ०.२५ × ४० मिमी सुया, ३० मिनिटं. त्यानंतर गुडघ्याला मोक्साचा (जळत्या औषधी कांडीचा) शेक. शिवाय घरी घ्यायला 'दु हुओ जी शेंग तांग' काढा. यातलं काय ठेवावं, काय गाळावं? सुयांमुळे रक्तस्राव होईल ही मुख्य काळजी आहे.

प्रतिसाद १

सुयांचं नंतर बघू, आधी काढा थांबवा. या रुग्णात खरा धोका तिथे आहे.

हा १५ घटकांचा जुना योग आहे, सातव्या शतकातल्या सुन सिमियाओंच्या ग्रंथातला. गुडघे-कंबरदुखीला तो नेहमी दिला जातो, पण वॉरफरिनबरोबर नको. त्यातल्या दांग ग्वेई या मुळीने आयएनआर वाढतो, तर जिनसेंगने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो. दोन्ही एकाच भांड्यात उकळल्यावर आयएनआर कुठल्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही. एक बाजू रक्तस्रावाची, दुसरी पक्षाघाताची.

त्यातच ज्येष्ठमध आहे. तो रोज पोटात गेला की अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. आधीच अनियमित असलेल्या हृदयाला हे परवडणारं नाही. मूत्रल (लघवी वाढवणारी) गोळीनेही पोटॅशियम उतरतं; ती चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

शिवाय काढ्यात शी शिन आहे. ही वनस्पती अॅरिस्टोलोकिया कुळातली. या कुळातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंड कायमचं निकामी होतं आणि पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात एका वनस्पतीऐवजी याच कुळातली दुसरी पडली आणि अनेकींची मूत्रपिंडं गेली. शी शिनच्या मुळात हे आम्ल पानांपेक्षा बरंच कमी असतं, म्हणून फक्त मुळं वापरायची असतात. पण पुडीत काय आलंय हे तपासणीशिवाय कळत नाही. मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडावर ही जोखीम घेऊ नये.

धागाकर्ती

मूत्रल आहे, फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ. आणि आताच विचारल्यावर कळलं की काढा आठ दिवसांपासून घेतायत.

प्रतिसाद १

मग आजच वॉरफरिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. २.६ हा आकडा काढ्याच्या आधीचा किंवा काढा नुकताच सुरू झाला तेव्हाचा असेल, त्यामुळे त्यावर विसंबू नका. काढा बंद केल्यावरही आयएनआर हलतो. आता एकदा आणि आठवड्याभरात पुन्हा तपासायला सांगा, सोबत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी). वॉरफरिनचा डोस रुग्णाने किंवा केंद्राने स्वतःहून बदलायचा नाही. काढ्याची पुडी आणि घटकांची यादी डॉक्टरांना दाखवली तर फार उपयोग होईल.

प्रतिसाद २

आता सुया. आयएनआर स्थिर आणि ठरलेल्या पल्ल्यात असेल तर बारीक सुया उथळ टोचता येतात. तुमच्या आराखड्यात मात्र बदल हवेत.

एसटी ३५ गाळा. तिथली सुई थोडी खोल गेली तरी सांध्याच्या पोकळीत शिरते. वॉरफरिनवर सांध्यात रक्त साचू शकतं, आणि मधुमेहात जंतुसंसर्गाची भीती वेगळी. पॉप्लिटियल धमनीमुळे गुडघ्यामागचा बीएल ४० सुद्धा नको. उरलेले चार पुरेत.

०.२५ ऐवजी ०.२० × २५ मिमी घ्या. खोली १० ते १५ मिमी. एसटी ३६ ला विशेष जपा : खाली अँटीरियर टिबियल धमनी आहे आणि नडगीलगतचा स्नायूंचा कप्पा घट्ट आवरणात बंद असतो, तिथे रक्त साचलं की दाब झपाट्याने वाढतो. उचल-दाब करू नका, गोल फिरवू नका. 'द ची'ची (सुईच्या जागी येणारी जड, बधिर) जाणीव हलकी आली तरी भागतं.

पहिल्या दिवशी फक्त उजवा पाय, रुग्ण आडवा, १५ मिनिटं. सुई काढल्यावर प्रत्येक जागी कोरड्या कापसाने दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. चोळण्यानेच बहुतेक काळेनिळे डाग वाढतात. टोचलेल्या आणि काढलेल्या सुया मोजा.

मोक्सा नको. कांडी कातडीपासून २-३ सेंमीवर धरली तरी आपण रुग्णाच्या 'गरम लागतंय' या शब्दावर चालतो, आणि मधुमेहाने संवेदना बोथट झाली असेल तर तो शब्द येतच नाही. पायांची संवेदना १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळपायाला टेकवायचा नायलॉनचा धागा) तपासून नोंदवा. जोराचे कपिंगही (कप लावून कातडी ओढणं) नको.

धागाकर्ती

काढा बंद करून डॉक्टरांना कळवलं. डाग पडला तर किती मोठा चालेल? आणि शेकाऐवजी वेदनाशामक मलम चालेल का?

प्रतिसाद २

नाण्याएवढा, न वाढणारा, मऊ डाग चालेल. नडगीलगतचा भाग किंवा पोटरी टणक होणं, पायाची बोटं वाकवली किंवा ताणली की असह्य कळ, पाऊल बधिर पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय. ही लक्षणं घरी गेल्यावर काही तासांनीही येतात, म्हणून कागदावर लिहून द्या.

मलमाचं लेबल वाचा. मिथाइल सॅलिसिलेट किंवा विंटरग्रीन तेल असेल तर नको. ते कातडीतून रक्तात जातं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. चिनी वेदनाशामक पट्ट्यांतही ते बऱ्याचदा असतं.