मांजर म्हातारी होतेय, खाते भरपूर पण बारीक होत चाललीय, काय करू?

सायली_इंदिरानगर
नमस्कार, आमची चिंगी १४ वर्षांची आहे, देशी, घरातच असते. दिवाळीपासून बारीक होत चाललीय, पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. खाणं कमी नाही हां, उलट मागून मागून खाते. पाणी मात्र खूप प्यायला लागलीय, बाथरूममधल्या बादलीला पण तोंड लावते, आणि तिच्या वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे मोठमोठे गोळे निघतात. आधी एका उडीत फ्रिजवर जायची, आता दिवाणावर चढायचं तरी थांबून अंदाज घेते. पहाटे तीनला उठून ओरडत फिरते. सासूबाई म्हणतात वय झालं तिचं, पण मला ते पटत नाहीये. बास्केटमध्ये घातली की इतकी घाबरते की गंगापूर रोडच्या डॉक्टरांपर्यंत नेणं जिवावर येतं. नेऊ का, की आधी घरीच खाणं बदलून बघू?

पंचवटीकर
ताई, न्याच, आणि खाणं आत्ता बदलू नका. भरपूर खाऊन वजन उतरतंय आणि पाणी वाढलंय म्हणजे थायरॉइड, डायबेटिस, किडनी यातलं काहीही असू शकतं, कधी दोन एकत्र पण असतात. नुसतं बघून ते डॉक्टरांनाही कळत नाही. रक्तात शुगर, टी४ (थायरॉइडसाठी) आणि किडनी बघायला सांगा, सोबत लघवी आणि बीपी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा नेहमीचा आकडा, नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, ते उशिरा वाढतं, त्यात मांजर बारीक झाली की अंगात मांस कमी म्हणून आकडा अजूनच कमी दिसतो, त्यामुळे एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्ततपासणी होत असेल तर तीही करा. पहाटेचं ओरडणं बीपीमुळे पण असतं, आणि बीपी फार वाढलं तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर अचानक आंधळी होते. आमच्या बोक्याला किडनीचा त्रास निघाला होता, कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टरांनी शिकवलं, ते घरीच द्यायचो, त्यावर तो नंतर छान जगला.

जेलरोडची_मावशी
उडी मारायला कचरतेय म्हणजे सांधे दुखत असणार गं. बारा वर्षांच्या पुढे बहुतेक मांजरांचे सांधे झिजलेले असतात पण ती लंगडत नाहीत, नुसती उड्या कमी करतात म्हणून आपल्याला कळत नाही. दिवाणाला लागून एक पाट नि एक स्टूल ठेव. ट्रेची एक कड कापून खाली कर. नखं बघ, म्हातारपणी जाड होऊन वळतात आणि गादीत रुततात. आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, फरशी बर्फासारखी होते, तेव्हा गोधडीची घडी घालून दे. आणि पाणी कधीच कमी करू नकोस, लघवी जास्त होते म्हणून वाटी उचलून ठेवणारे लोक मी पाहिलेत, फार वाईट वाटतं. उलट दोन-तीन खोल्यांत वाट्या ठेव. सुकट, बोंबील देत असशील तर बंद कर, मीठ असतं त्यात.

रोहन_सिडको
दुखत असेल तर क्रोसिनचा छोटा तुकडा दिला तर? आमच्याकडे लहान मुलांचं सिरप पण आहे.

पंचवटीकर
रोहन, नको!! क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल मांजरीच्या लिव्हरला पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, एका गोळीत मांजर मरू शकते. सिरपमध्येही तेच असतं. माणसांची कुठलीच पेनकिलर नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी सगळ्यांनी हे घरात सांगून ठेवा प्लीज. मांजरीच्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत, पण तीसुद्धा किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतात.

सायली_इंदिरानगर
खूप आभार सगळ्यांचे. शनिवारची वेळ घेतली. रक्त द्यायचंय तर उपाशी ठेवायचं का? आणि लघवी कशी न्यायची?

जेलरोडची_मावशी
उपाशी ठेवायचं की नाही ते फोन करून त्यांनाच विचार, मनानं ठेवू नकोस, पाणी तर काढूच नको. लघवी बहुतेक तेच सुईनं काढतात, फक्त ती ट्रेमध्ये जाऊन आली की लगेच निघू नका, नाहीतर तिथे पोचून काही मिळत नाही. बास्केट आजच हॉलमध्ये उघडी ठेव, आत तिची रोजची चादर, जाताना वरून टॉवेल टाक. फारच घाबरत असेल तर निघण्याआधी द्यायची गोळी असते, फोनवर तेही विचारून घे.