ग्लॉस्टरशायरचा चार्ली पार्कर
इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटमध्ये डावखुरे फिरकीपटू म्हणजे यॉर्कशायर संघाचे ऱ्होड्स आणि व्हेरिटी, असं म्हणतात, ते मान्यच. पण ग्लॉस्टरशायर या दुसऱ्या कौंटी संघाकडे डब्ल्यू. जी. ग्रेस आणि वॉली हॅमंड या दिग्गजांखेरीज काही नव्हतं, असंही कुणी म्हणतं, ते नाही पटत. तिथला डावखुरा फिरकीपटू चार्ली पार्कर राहिला की! प्रथम श्रेणीत ३२७८ बळी. त्याच्या पुढे फक्त ऱ्होड्स आणि केंटचा फिरकीपटू फ्रीमन. आणि कसोट्या किती? एक, १९२१ साली मँचेस्टरला. १९२६ मध्ये लीड्सच्या कसोटीसाठी बोलावलं आणि सकाळी बाहेर बसवलं. पावसाने भिजलेली खेळपट्टी बघून इंग्लंडचा कर्णधार आर्थर कार याने नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली, त्यांनी ४९४ ठोकल्या. असल्या खेळपट्टीवर पार्करला वगळणं मला आजही अक्षम्य वाटतं. आपल्याकडे मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांना एकही कसोटी मिळाली नाही, त्याच जातीचं हे दुःख.

गडी चेल्टनहॅमला लागून असलेल्या प्रेस्टबरीचा, म्हणजे क्लीव्ह हिलच्या पायथ्याचा. हे गाव लोकांना ठाऊक आहे ते घोड्यांच्या शर्यतींमुळे. फ्रेड आर्चर हा नामांकित जॉकीही तिथेच वाढला. पार्कर आधी मध्यमगती टाकायचा, पहिल्या महायुद्धानंतर पूर्णपणे फिरकीकडे वळला, तेव्हा पस्तिशी उलटलेली! १९२२ मध्ये ब्रिस्टलला स्वतःच्याच बेनिफिट सामन्यात (ज्याचं उत्पन्न त्या खेळाडूला मिळतं) यॉर्कशायरविरुद्ध त्याने लागोपाठ पाच चेंडूंवर यष्ट्या उडवल्या, त्यातला दुसरा नोबॉल निघाला. आणि १९३० मध्ये तिथेच ग्लॉस्टरशायरविरुद्ध ऑस्ट्रेलियाला जिंकायला ११८ हवे असताना ५४ धावांत ७ बळी घेऊन त्याने सामना बरोबरीत सोडवला. ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यानेच उडवला होता.