मदत हवी आहे: वादळानंतर बर्थड पासचा उतार किती दिवसांनी सुरक्षित धरायचा?

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला राहतो. आमचा स्की टूरिंगचा, म्हणजे स्की लावूनच डोंगर चढून खाली उतरण्याचा, छोटा मराठी गट आहे. रविवारी बर्थड पास या डोंगरखिंडीत जायचं ठरतंय, पण गटात एकमत होत नाहीये, म्हणून जाणकारांना विचारतो.

बुधवार-गुरुवारच्या वादळात दीड फूट नवा बर्फ पडला, सोबत पश्चिमेचा जोरदार वारा. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरच्या अंदाजात हिमस्खलनाचा धोका काल पाचपैकी चौथ्या पातळीवर होता, आज तिसऱ्यावर आलाय.

आज सकाळी बर्फाचे थर तपासायला रस्त्याजवळच्या सौम्य उतारावर खड्डा खणला. वर नवा बर्फ, त्याखाली वाऱ्याने दाबलेला घट्ट थर आणि जमिनीलगत वीतभर साखरेसारखा दाणेदार बर्फ. मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, बोटांतून ओघळतो. ९० सेंटिमीटर रुंद ठोकळा मोकळा केला आणि त्याच्या एका टोकाला फावडं ठेवून थापा मारल्या. मनगटातून मारलेल्या १० थापांना काही झालं नाही. कोपरातून मारायला लागल्यावर तिसऱ्याच थापेला दाणेदार थरावर तडा गेला आणि एका झटक्यात दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. थोडं पुढे दुसरा खड्डा खणला, तिथे ३० थापा झाल्या तरी ठोकळा जसाच्या तसा.

मित्रांचं म्हणणं, वादळानंतर ४८ तास थांबलं की पुरे. शिवाय आम्हाला हव्या त्या पूर्वेकडच्या, ३५ अंशांच्या उतारावर कुणाच्या तरी स्कीच्या रेघा आधीच दिसताहेत. माझं मन मानत नाही, पण त्यांना ठोस कारण देता येत नाहीये. कोणता खड्डा खरा मानायचा? अजून किती थांबायचं?

प्रतिसाद

तडा गेला तो खरा माना. वाईट निकाल मिळाला की बेत बदलायचा. चांगला निकाल फक्त त्या खड्ड्यापुरता असतो, पुढच्या उताराची हमी देत नाही.

४८ तासांचा ठोकताळा नव्या बर्फाचा. त्याचे कण दोन-तीन दिवसांत एकमेकांना धरतात. तुमचा दाणेदार थर मोसमाच्या सुरुवातीचा आहे. तेव्हा बर्फ पातळ, जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा कडाक्याची थंड. त्या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकते आणि कणांचे मोठे, कंगोरेदार दाणे होतात. ते एकमेकांना लवकर चिकटत नाहीत, अशा थरावरचा धोका कित्येक आठवडे राहतो. त्यातून पश्चिमेच्या वाऱ्याने पूर्वेच्या उतारांवर बर्फ आणून टाकलाय, म्हणजे वरचं ओझं नेमकं तुमच्या उतारावर वाढलंय.

रेघांवर तर अजिबात विसंबू नका. पहिले चारजण जाड थरावरून निभावतात आणि पाचवा खडकाजवळच्या पातळ जागेवरून जातो, तिथे वजन थेट खालच्या थराला लागतं आणि अख्खा उतार सुटतो.

तेव्हा दिवस मोजू नका, उतार बदला. ३० अंशांखालचे उतार निवडा, वर तीव्र उतार नसलेले. उताराचे अंश रंगांत दाखवणारा नकाशा आज रात्रीच सगळ्यांनी बघा. चालताना पायाखाली 'धप्प' आवाज आला किंवा स्कीपासून भेगा पळाल्या तर तिथूनच मागे फिरा.

धागाकर्ता

मनापासून आभार, गटात हेच वाचून दाखवतो. एक शंका: झाडीतल्या सौम्य उतारावर जाणारी चढणीची वाट त्या ३५ अंशांच्या उताराच्या पायथ्यावरून जाते. एकेकट्याने पटकन पार केली तर चालेल का?

प्रतिसाद

नको. असा थर खालच्या सपाटीवरूनही सुटतो, तडा वर धावतो आणि बर्फ तुमच्याच अंगावर येतो. घसरून आलेला बर्फ जिथवर पोचू शकतो, त्या टप्प्याच्या बाहेरून झाडीतून वळसा घ्या, तास जास्त लागला तरी चालेल. वळसा नसेल तर दुसरी जागा बघा. बीकन (गाडलेल्याचा शोध घेणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच, पण गाडलेल्या माणसाला साधारण १० ते १५ मिनिटांत बाहेर काढावं लागतं, आणि ते तुम्हालाच करावं लागेल. रविवारी सकाळी निघण्याआधी नवा अंदाज वाचा, वारा पुन्हा वाढला असेल तर झाडीच्या वर जाऊच नका.