एका डोळ्यानेही खोली कळते
बरेचदा म्हटलं जातं की खोली, म्हणजे वस्तू किती जवळ किंवा लांब आहे हे, दोन डोळ्यांमुळेच कळते, एका डोळ्याला जग सपाट दिसतं. हे पटत नाही. गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरी आजोबांना एकाच डोळ्याने दिसायचं. विहिरीतून वर आलेली कळशी धरण्याआधी ते मान किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत, आणि हात नेमका काठावर पडे. मला ती लकब वाटायची. ते अंतर मोजणं होतं!

रायबंदरहून बसने जाताना मांडवी नदीपलीकडच्या चोडण बेटावरच्या तिवरांवर नजर खिळवून पाहा. रस्त्याकडेचे खांब उलट दिशेने झपकन मागे पळतात, तिवरांच्या मागचे डोंगर मात्र आपल्यासोबत चालल्यासारखे वाटतात. जवळचं काय, लांबचं काय, हे मेंदू या फरकावरून ताडतो. १९७९ मध्ये रॉजर्स आणि ग्रॅहम या संशोधकांनी लोकांना एका डोळ्याने पडद्यावरचे विखुरलेले ठिपके पाहायला लावले. डोकं हलेल तसे ठिपके सरकायचे, आणि सपाट पडद्यावर लोकांना उंचसखल पृष्ठभाग दिसायचा.

मला सर्वात विलक्षण वाटतं ते पुढचं. डोळ्याच्या पडद्यावर सरकणारी प्रतिमा एकटी पुरत नाही, तेवढ्यावरून एखादी वस्तू अलीकडे की पलीकडे हे ठरत नाही. नजर एका जागी टिकवण्यासाठी डोळा कुठे वळतोय, तो संकेतही लागतो. माकडांच्या मेंदूत गती टिपणाऱ्या भागातल्या पेशी हा संकेत वापरतात, असं नॅडलर, अँजेलाकी, डीअँजेलिस या संशोधकांच्या प्रयोगांत दिसलं.

आज एक डोळा झाकून, मान हलवत परसातल्या माडाकडे बघाच.