चेकवर शेवटी 'फक्त' कशाला? (आणि एकोणसाठचा घोळ)

लातूरकर:
मंडळी, मागच्या आठवड्यात मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) सोयाबीन घातलं, पट्टी झाली ५९,३४० ची. मुनीमजींनी चेक दिला, मी पण बघितला नाही, घडी करून खिशात घातला आणि बँकेत टाकला तर तिसऱ्या दिवशी वापस. कारण काय तर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक. चष्मा लावून बघतो तर आकड्यात बरोबर आणि अक्षरी 'एकोणसत्तर हजार तीनशे चाळीस फक्त'. चेक बदलून मिळल, त्याचं काही नाही. पण पोरगी विचारायली की बाबा एकोणसाठ साठाच्या मागचं का पुढचं, आणि एवढी रक्कम लिहून वर 'फक्त' म्हणायचं म्हणजे आपल्याला थोडेच पैसे दिले का. मला काय सांगता येईना.

परभणीकर:
एकोण म्हणजे एक ऊन, एक उणा. साठाला एक कमी ते एकोणसाठ. तुमचे मुनीमजी सत्तराला एक कमी करून बसले. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे असेच पुढच्या दशकाकडं तोंड करून उभे आहेत आणि नव्याण्णवला गाडी रूळ सोडती, एकोणशंभर कोणीच म्हणत नाही. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा आपण सगळ्यांनी टिंगल केलती. 'पन्नास नऊ' लिहायची सवय असती तर मुनीमजी चुकले नसते, एवढं मात्र खरं.

बीडवाला:
पण कायद्यानं अक्षरी रक्कमच खरी ना? मग भाऊ तुम्हाला तर दहा हजार जास्त मिळायला पाहिजेत 😄

नांदेडहून (बँकेतून रिटायर):
कायदा तसाच आहे. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम १८, फरक असला तर अक्षरी रक्कम धरायची. पण काउंटरवर कोण जोखीम घेतंय, चेक वापस करतात आणि तेच बरं. आणि खोडून वर सही करून चालवू म्हणाल तर तेही आता नाही, क्लिअरिंगला चेकचा फोटो जातो, रकमेत खाडाखोड दिसली की परत. मराठीत लिहिलेला चेक मात्र चालतो, कोणी नाही म्हणलं तर ऐकू नका. अक्षरी रक्कम डावीकडून अगदी कडेला चिकटून सुरू करा आणि शेवटी 'फक्त' लिहून पुढं रेघ ओढा. 'फक्त' त्यासाठीच आहे, नाहीतर 'पाच हजार' च्या पुढं कोणी 'नऊशे' जोडलं तर काय करणार.

संभाजीनगरकर:
बरोबर, आणि मला वाटतं हा 'फक्त' आपल्या रोजच्या 'फक्त' पेक्षा जरा वेगळा आहे. मूळ अरबी फकत, फारसी-उर्दूतून आपल्याकडं आला. उर्दू पत्राच्या खाली मजकूर संपला की 'फकत' लिहायचे, म्हणजे 'इथं संपलं, पुढं काही नाही'. चेकवरचा तोच आहे, थोडे पैसे असा अर्थच नाही, पोरीला सांगा ते कुलूप आहे. आपल्या भागात तर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूतच. आमच्या आजोबांचं एक खरेदीखत मी एका मौलवीसाहेबांकडून वाचून घेतलतं. त्यात रकमेच्या आधी 'मुबलिग' (म्हणजे एकूण रक्कम), मग रक्कम, मग 'सिक्का हाली' (निजामाचा रुपया), आणि लगेच 'जिसके निस्फ' करून निम्मी रक्कम परत लिहिलेली. म्हणजे हजार असतील तर ज्याचे निम्मे पाचशे होतात असं. आता कोणी हजाराचे दोन हजार करायला गेला तर निम्म्याचं काय करल? फार डोकं लावलंय. हाली लिहायचं कारण, निजामाचे ७ हाली म्हणजे इंग्रजांचे ६ कलदार रुपये, नुसतं रुपये लिहिलं तर भांडणच. आणि आपला 'मुबलक' त्या मुबलिगच्याच घरचा.

जालनेकर:
'मात्र' लिहिलं तर? आमचे वडील कायम 'रुपये पाचशे मात्र' लिहायचे.

संभाजीनगरकर:
चालतं की, संस्कृतातला मात्र म्हणजे तेवढंच. पण आता बोलण्यात 'मात्र' म्हणजे 'पण' झालाय, 'पाचशे मात्र' वाचलं की पुढं काहीतरी तक्रार येणार असं वाटतं. सरकारी कागदावर 'अक्षरी रुपये पाच लक्ष फक्त' असंच दिसतं, तिथं लाखाचा लक्ष होतो.

जालनेकर:
आणि दीड लाख, अडीच हजार, पावणेदोनशे?

नांदेडहून (बँकेतून रिटायर):
बोलायला गोड. चेकवर एक लाख पन्नास हजार असंच लिहा. पावणेदोन लाख म्हणजे १,७५,००० हे परराज्यातून आलेल्या साहेबाला कुठं समजावत बसता.

लातूरकर:
धन्यवाद मंडळी, पोरीला कुलूप पटलं. काल मोंढ्यात जाऊन दुसरा चेक आणला. एकोणसाठ बरोबर, फक्त आहे, पुढं रेघ पण आहे. घरी येऊन बघतो तर जानेवारीची तारीख, आणि साल मागचं. तीन महिन्यांच्या वरचा चेक चालत नाही ना हो साहेब?

नांदेडहून (बँकेतून रिटायर):
नाही चालत. या वेळी मुनीमजींच्या समोर उभं राहून लिहून घ्या.