दाता परत यायला हवा

शिबिरं दुप्पट केली की रक्ताचा तुटवडा संपेल, हे मला पटत नाही. रक्त फार दिवस साठवता येत नाही, खरी अडचण तिथे आहे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स तर २० ते २४ अंशांत, सतत हलणाऱ्या ट्रेवर ठेवूनही साधारण पाचच दिवस. (प्लाझ्मा मात्र गोठवून वर्षभर राहतो.) एका दिवसात ढीगभर पिशव्या जमल्या आणि पुढे दोन महिने कुणी फिरकलंच नाही, तर काय उपयोग?

म्हणून दात्याची सोय बघा. सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी उघडं केंद्र, ठरलेली वेळ, नंतर दहा-पंधरा मिनिटं शांत बसायला जागा.

एकदा बोटाला टोचून तपासल्यावर माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. "नाही चालणार," एवढंच सांगून पुढच्याला बोलावलं. कापसाचा बोळा बोटावर दाबत मी बाहेर पडले आणि पुढे तीन वर्षं गेलेच नाही. काय खावं, परत कधी यावं, हे कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं असतं, तर पुढच्याच खेपेला मी रांगेत असते.